फीत कापायला सुरतेला

सुरतेहून परत आले तेव्हा गल्लीतल्या दोघीतिघी साड्या बघायला आल्या. साड्या आणल्याच नव्हत्या. घारी नावाची मिठाई आणली होती, ती नातवंडांनी आल्या दिवशीच संपवली. मग तिकडची हकीकत तरी सांगा, म्हणाल्या. मी त्यांना लोचो नावाच्या खाण्याची सांगितली, धुतलेल्या रस्त्यांची सांगितली, हिरेवाल्यांच्या बायकांच्या कुड्यांची सांगितली. उरलेली तोंडाने सांगवेना, म्हणून लिहायला बसले आहे. माणसांची नावं बदलली आहेत आणि एका स्टेशनाचं नाव मुद्दाम गाळलं आहे.

आधी मी कोण ते. मी बायकांची डॉक्टर. त्यातही दवाखाना कमी, प्रयोगशाळा जास्त. मूल का होतं आणि का होत नाही, या एका प्रश्नावर पुण्यात सगळी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर जळगावला मुलाकडे आले. आता माझ्या सूक्ष्म निरीक्षणशक्तीचा उपयोग सून दूध नासलंय का ते बघायला करून घेते.

हंसा माझी विद्यार्थिनी. सुरतेची, गुजराती, पण पुण्यात माझ्या हाताखाली इतकी राहिली की मराठीत भांडायलासुद्धा शिकली. तिने कतारगामला टेस्ट ट्यूब बाळांचं केंद्र काढलं आणि फीत कापायला मीच यायचं असा हट्ट धरला. "मॅडम, मंत्री मिळतो आहे," ती फोनवर म्हणाली, "पण अंडं कोंबडीशिवाय आणखी कुणाला असतं हे त्याला ठाऊक नाही." मुलगा म्हणाला, भर उन्हाळ्यात कशाला. सून म्हणाली, तिकडे प्लेग आला होता. प्लेग येऊन गेल्याला दीडदोन वर्षं झाली होती. आणि माझ्या वयाचं रक्त प्यायला पिसवासुद्धा तयार होणार नाहीत, असं तिला सांगून मी निघाले.

कतारगाम

सुरतेला ही माझी दुसरी खेप. पहिल्या खेपेला मी बेडूक घेऊन आले होते.

त्या काळी बाईला दिवस गेले आहेत की नाही हे बेडूक सांगत असे. थट्टा नाही. बाईची लघवी नर बेडकाच्या कातडीखाली टोचायची, थोड्या तासांनी त्या बेडकाच्या लघवीचा थेंब काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. त्यात शुक्रजंतू वळवळताना दिसले की बाई गरोदर. मी तेव्हा नुकती संशोधनाला लागले होते. सडपातळ, चष्मेवाली आणि असह्य. इथल्या एका परिषदेत प्रात्यक्षिक दाखवायचं म्हणून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून सगळं कुटुंब बरोबर आणलं. धर्मशाळेत डब्याचं झाकण निसटलं. सकाळी न्हाणीघरात गेलेल्या यात्रेकरू बायका जशा गेल्या तशा बाहेर आल्या, आणि मी ओला पंचा घेऊन बेडकांमागे धावत, धावता धावता त्या बायकांना विज्ञान समजावून सांगत होते. त्याच मुक्कामातून आईला पत्र टाकलं, की दहा वर्षांत 'वांझ' हा शब्द बोलायला माणूस उरणार नाही. आईचं उत्तर आलं: बेडूक सापडले का.

आताची सुरत ओळखू आली नाही. प्लेगने या शहराला असं काही घाबरवलं आहे की रस्ते घासूनपुसून ठेवलेले. पानवाल्यासमोर पिचकाऱ्यांऐवजी बादली. आमच्या जळगावात असं करायचं तर कुठला रोग मागवावा, याचा मी रिक्षात विचार करत होते.

कतारगाम म्हणजे हिऱ्यांचं गाव. गल्लीगल्लीत घरांच्या वरच्या मजल्यावर कारखाने, आणि आत फिरत्या चकतीभोवती खाली मान घालून बसलेली माणसं. हंसाचं केंद्र अशाच एका इमारतीत, खाली दवाखाना, वर प्रयोगशाळा, त्यावर गच्ची. फीत कापायची कात्री बोथट निघाली. गावभर रात्रंदिवस कापड निघतं त्या गावात. मी फीत कापली नाही, चावली म्हणायला हरकत नाही. पुढच्या रांगेतल्या एका हिरेवाल्या शेठने भाषण संपल्यावर उठून विचारलं, "बेन, आमां गॅरंटी केटली?" म्हणजे यात खात्री किती. मी म्हटलं, तुमच्या धाकट्या भावाला देता तेवढी. सगळे हसले; धाकटा भाऊ शेजारीच बसला होता, तो हसला नाही.

मग लोचो. हरभऱ्याच्या डाळीचं वाफवलेलं पीठ, पण खमणासारखं वडीत न बसलेलं. ढासळलेलं, वर तेल, शेव, कांदा. आमच्याकडे पदार्थ बिघडला की आपण तो कामवालीला देतो, सुरतकर त्याला नाव देऊन दुकान काढतात. त्यावर थंड कोको, घट्ट, बोट उभं राहील असा. हंसाची आई वाटीवर वाटी वाढत होती आणि मी मधुमेह आहे हे तिला सांगायचं विसरत होते.

संध्याकाळी हंसाने मला वरची खोली दाखवली. उबदार पेटी, तिच्यात काचेच्या ताटल्या. मी बराच वेळ उभी राहिले. आमच्या उमेदीत हे सांगितलं असतं तर आम्हाला ठाण्याला पाठवलं असतं. हंसा म्हणाली, "मॅडम, आता तरी खूश?" मी खूश होते. खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर लिंबायतला गेले नसते, तर तशीच खूश घरी परतले असते.

लिंबायत

लिंबायतला आठवड्यातून एकदा हंसा एका भाड्याच्या खोलीत बसते, मागावरच्या लोकांसाठी. या भागात शिरलं की तापी ओलांडून आपण परत खानदेशात आलो असं वाटतं. दुकानांवर धुळे, शिंदखेडा, पारोळा. टोपलीत ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ. दारात बसून शेवभाजीच्या रश्श्यावर वाद घालणारे म्हातारे. पोरं मात्र आपसात गुजराती बोलतात, कुल्फीवाल्याशी हिंदी, आणि फक्त आजीने कान धरला की अहिराणी. माझं माहेर त्याच मुलखातलं. पुण्यात राहून माझी अहिराणी गंजून गेली होती. तिथे बसल्या बसल्या तिचा गंज झडू लागला.

रत्ना आली ती सासूच्या मागून. सासू अनुसयाबाई, ठसठशीत कुंकू, आवाज चढा. रत्ना तिच्याहून हातभर उंच, पण अशी उभी की दिसू नये. बाकावर बसताच अनुसयाबाईने पिशवीतून एक्स-रे काढले. गर्भनळ्यांचे फोटो, गर्भपिशवी खरवडल्याचे कागद, पोटात दुर्बीण घातल्याचे, पुन्हा नळ्यांचे. धुळ्याचे, सुरतेचे, एका बाबाचा ताईतसुद्धा त्यात गुंडाळलेला. सगळं नीट. बाईत कुठेही काही नाही.

"नवऱ्याचं काय तपासलंय?" हंसाने विचारलं.

अनुसयाबाईने तिच्याकडे असं बघितलं, जणू आपण घराच्या पायाबद्दल विचारलं आणि हिने कौलांचं उत्तर दिलं. मग मला माय म्हणून, आपल्या बोलीतली म्हातारी म्हणून, सरळ सांगून टाकलं. शिरपूरकडची एक पोरगी बघून ठेवली आहे. "आखाजीले धाडस हिले. मंग आनत नही." आखाजीला हिला माहेरी धाडते, मग परत आणत नाही.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आमरस आणि खापरावरचे मांडे खातात. मग सासरचं माणूस न्यायला येतं. ते आलं नाही, तर त्या बाईचं लग्न संपलं. भांडण नाही, कोर्ट नाही, कुणी काही बोललं नाही. फक्त न्यायला कुणी आलं नाही. आखाजी जवळ आली होती.

अनुसयाबाई हे बोलत असताना तिच्या पाठीमागे रत्नाचे ओठ हलत होते. आवाज नाही. मला वाटलं मंत्र म्हणते आहे. तिने पुन्हा, सावकाश, एकेक अक्षर करून हलवले. त्यांना तपासा. एवढंच.

हंसाने नंतर उलगडा केला. रत्ना आणि तिचा नवरा भटू एकाच खात्यात कामाला. सुरतेत मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात. तिथे खटखटीचा असा कहर असतो की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. माणसं ओठांनी बोलतात, या टोकाकडून त्या टोकाला, बिनआवाजाचं. माग चालवणारेही आणि बॉबिन भरणाऱ्या बायकाही. काही वर्षांत कान अर्धे जातात, पण ओठ वाचायचं कसब येतं. मला हे इतकं आवडलं की घरी आरशासमोर उभी राहून मी हंसाच्या आईच्या स्वयंपाकावर बिनआवाजाची टीका करून पाहिली.

समोरचा चहा

बायकांबरोबर आलेले नवरे आत येत नाहीत. रस्त्यापलीकडे चहाच्या गाडीला लागून एक फळी टाकलेली आहे, तिथे बसतात. आत बायको पडद्याआड पाय वर करून पडलेली, आणि बाहेर नवरा चहा अर्धा-अर्धा करून पितो. पुण्यातही हे असंच होतं, फक्त तिथे फळीऐवजी खुर्च्या होत्या.

मी उठले आणि त्या फळीवर जाऊन बसले. आधी सगळे उठले. मग मी म्हातारी आहे आणि हलणार नाही, हे बघून बसले. भटू त्यातच होता. रुंद खांद्यांचा, कानाशी हात नेऊन ऐकणारा, मोठ्याने बोलणारा, हसरा. मला तो आवडला. हे लिहून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर वाचणाऱ्याला तो आवडणार नाही.

मी त्यांना माझे बेडूक सांगितले. ओरडून सांगावे लागले, त्यामुळे गाडीवाला आणि पलीकडचा न्हावीही श्रोत्यांत आले. डबा सांगितला, न्हाणीघर सांगितलं, सूक्ष्मदर्शक सांगितला. मग म्हटलं, बघा, बाईला पोर राहिलं का कळायला आम्ही बेडकाचं पाणी तपासत होतो. बेडूक बिचारा ना कधी लाजला, ना आईला विचारून येतो म्हणाला. नवऱ्याचं मात्र बघायची आमची छाती नव्हती.

फळी हसून हलली. न्हावी म्हणाला, मावशी, हे सगळे बेडूकच आहेत, पावसाळ्यात नुसते ओरडतात. भटू सगळ्यांत जास्त हसला. उठताना मी त्याला एकट्याला म्हटलं, उद्या पाळी सुटली की कतारगामला ये, कुणाला सांगू नकोस. तो म्हणाला, "बेडकाने केलं ते आपण करू, माय." मला वाटलं, एवढ्या वर्षांत जे प्रबंधांना जमलं नाही ते मी एका चहात केलं. म्हातारपणी माणूस शहाणा होतो, ही अफवा आहे. तरुणपणी मी मूर्ख होते हे निदान लोकांना दिसायचं.

त्याने नमुना दिला. मी हंसाला बाजूला सारून स्वतः डोळा लावला. काच बदलली. यंत्रात फिरवून खाली बसलेला थेंब घेऊन पुन्हा बघितला. चार दिवस जाऊ देऊन त्याला परत बोलावलं, पुन्हा बघितला. काही नव्हतं. तो उजेडाचा गोल नुसता रिकामा, कुठे काही हलत नव्हतं. हंसाने त्याला तपासलं आणि विचारलं, तेव्हा त्याने आठवून सांगितलं, मिशी फुटायच्या वयात गालगुंड झाले होते, खालीही सूज आली होती, आईने बिब्बा घातला होता. गालगुंडाने असं होतं कधी कधी. झालं की परत फिरत नाही. हंसाच्या त्या वरच्या खोलीतली काच, पेटी, सुया, सगळ्याला निदान एक तरी शुक्रजंतू लागतो.

गच्ची

निकालाच्या दिवशी रत्ना आणि भटू मिळून आली होती. रत्नाला खाली बसवलं. आता भटूला सांगायचं होतं, आणि त्याला सांगायचं म्हणजे ओरडायचं. खाली हिरेवाल्यांच्या सुना रांगेत बसलेल्या, मध्ये नुसता पडदा. हंसाला सुचेना. मला सुचलं. अशा वेळी नेहमी मलाच सुचतं.

मी त्याला गच्चीवर नेलं, कठड्यापाशी, उन्हात. आणि त्याच्यासमोर उभी राहून, त्याच्या खात्यातल्या रीतीने, आवाज न काढता ओठांनी सांगितलं: तुझ्यात बीज नाही. एकही नाही. औषध नाही. तिच्यात काही खोट नाही.

त्याला सगळं समजलं. त्याने दोनतीनदा ओठ हलवून विचारलं, नक्की? मी मान हलवली. मग सांगितलं की दुसऱ्याचं बीज घेऊन मूल होऊ शकतं, कुणाला कळत नाही, नाहीतर दत्तक. तो ऐकत होता. खरंच ऐकत होता असं मला अजून वाटतं. आणि मग त्याची नजर माझ्यावरून बाजूला सरकली आणि तिथेच राहिली.

पाण्याच्या टाकीजवळ रत्ना उभी होती. वेळ लागतो म्हणून जिना चढून आली होती. भटूचं तोंड तिला समोर दिसत होतं, माझं बाजूने. तिथपर्यंत हाक गेली नसती. ओठ गेले.

जी बाई माझ्याशी पहिलं वाक्य ओठांनी बोलली, तिला ओठ वाचता येतात, एवढं माझ्या विद्वान डोक्यात राहिलं नाही. साधं रत्नाला वर पाठवून खाली पडद्याआड ओरडले असते तर हिरेवाल्यांच्या चार सुनांना कळलं असतं. त्यांना काय, त्या कधी लिंबायतला जाणार.

भटूने ती पाहतेय हे पाहिलं. ती पुढे आली नाही. तो तिच्या अंगावरून जिना उतरून गेला. खाली चपला घालताना तो हंसाला मोठ्याने, नेहमीच्या आवाजात म्हणाला, "जास, डॉक्टरीणबाई. पाळीची वेळ झाली."

नंतर हंसाने त्याला दोनदा बोलावलं. एकदा आला. दुसऱ्याचं बीज नको, दत्तक नको. आईला काही सांगणार नाही, तुम्हीही सांगायचं नाही. मग शिरपूरच्या मुलीला नाही म्हण, असं मी म्हटलं. तो म्हणाला, का नाही, हे विचारतील. त्या नव्या मुलीचं काय, असं मी विचारलं, तेव्हा त्याने ऐकू न आल्यासारखं केलं. खरंच आलं नसेलही. पण त्या मुलीला मी आताच बघू शकते. पुढच्या आखाजीनंतर ती लिंबायतच्या त्याच बाकावर बसलेली असेल, आणि अनुसयाबाई पिशवीतून तिचे एक्स-रे काढत असेल.

रत्ना मला भेटायला एकटी आली, हंसाच्या घरी, दुपारी. जेवलीस का विचारलं तर हो म्हणाली; हंसाच्या आईने तरी रस-पुरी पुढे ठेवली, तिने बोट लावलं नाही. माझं डोकं तापलेलं होतं. मी तिला कायदा सांगितला, की पहिली असताना दुसरी करता येत नाही. हंसा तिच्यासाठी वकील बघायला तयार होती. रत्ना सगळं ऐकून घेऊन म्हणाली, मगनदादाचं काय?

तेव्हा मला कळलं की यांचं साटंलोटं आहे. रत्ना भटूला दिली त्याच मांडवात भटूची बहीण शोभा रत्नाच्या भावाला, मगनला दिली. तुमची मुलगी आम्ही घेतो, आमची तुम्ही घ्या. हुंडा नाही, दोन्ही घरं एकमेकांना बांधलेली. एका टोकाला ओढलं की दुसऱ्या टोकाला गाठ आवळते. भटूत खोट असताना आपली लेक टाकली, हे माहेरी कळलं असतं, तर रत्नाच्या आईने त्याच संध्याकाळी शोभाला तिच्या दोन लेकरांसकट, किंवा लेकरं ठेवून घेऊन, सुरतेच्या गाडीत बसवलं असतं. खोट रत्नातच असेल तर मात्र माहेरच्यांना तोंड नाही. मग शोभाचं घर राहतं.

मी म्हटलं, आणि तुझं?

ती तिच्या घरच्या बोलीत म्हणाली, आणि ते ऐकून मला माझ्या सगळ्या पदव्यांसकट जमिनीत जावंसं वाटलं: "मन्हं तं गयंच, माय. शोभानी लेकरं बारकी शेतस. मन्हामाच खोट शे आसं सांगी द्या."

माझं तर गेलंच आहे. शोभाची लेकरं लहान आहेत. खोट माझ्यातच आहे असं सांगून टाका.

मी नाही म्हटलं. बराच वेळ नाही म्हणत राहिले. ती उठून गेली तेव्हाही नाहीच म्हटलं होतं.

पुढच्या लिंबायतच्या दिवशी अनुसयाबाई निकाल ऐकायला आली. हंसाने सांगितलं, रुग्णाच्या तपासण्या आम्ही तिसऱ्याला सांगत नाही. अनुसयाबाईने तिला सोडलं आणि माझ्याकडे वळली. "तू सांग, माय. खोट कोनामा शे?" रत्ना मागे उभी होती. यावेळी ओठ मिटलेले. नुसती बघत होती.

मी म्हटलं, "हिच्यात."

अनुसयाबाईने हात जोडले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट बाई नव्हती ती, तिलाही निदान कुणीतरी खरं सांगितलं असं वाटलं असणार. हंसा खुर्चीवरून उठून बाहेर गेली. परत येताना रिक्षात तिने मला पुण्याच्या स्वच्छ मराठीत विचारलं, "मॅडम, तुम्ही आम्हाला काय शिकवलं होतं?" मी बाहेर बघत राहिले. त्या रस्त्यावर साड्यांची इतकी दुकानं आहेत, पण एकही दिसलं नाही.

परतीची गाडी

भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये रत्ना माझ्याच डब्यात आली, यात योगायोग काही नाही. मीच हंसाला चौकशी करायला लावली होती. पोचवायला भटू आला होता. त्याने ट्रंक वर टाकली आणि बाकाखाली तांब्याचा हंडा सरकवला. हंड्यावर तिचं नाव कोरलेलं होतं, माहेरहून लग्नात दिलेला. आखाजीला जाणारी बाई पिशवी घेऊन जाते, हंडा नेत नाही. भटूने तिला पाण्याची बाटली भरून आणून दिली आणि गाडी सुटायच्या आधीच निघाला. पाळी होती म्हणाला. असेलही.

बारडोलीला साखर कारखान्याच्या मळीचा वास डब्यात शिरला आणि सगळ्यांनी नाकाला पदर लावले. व्यारा, नवापूर, पानं गळालेले साग, खाली मोहाच्या फुलांच्या मागे वाकलेल्या बायका. नंदुरबारला डबा भरून गेला. सगळ्या माहेराला निघालेल्या. बांगड्या नव्या, आवाज मोठे, पोरांच्या तोंडाला कुल्फी. भजी, हसणं, जागेवरून भांडणं. वर्षातून एकदा या बायका गाडीच्या मालकिणी असतात.

समोरच्या एका बाईने रत्नाला विचारलं, लेकरं किती, घरी ठेवली का. रत्ना खिडकीकडे वळली. मग मी त्या बाईला तिच्या पाळीबद्दल, अंगावरून जाण्याबद्दल आणि शौचाबद्दल इतके बारीक प्रश्न विचारले, तेही इतक्या मोठ्याने, की दोंडाईच्याला ती डबा बदलून गेली. रत्ना हसली. त्या सगळ्या दिवसांत मी तिला एकदाच हसताना पाहिलं.

तेवढ्या हसण्याचा फायदा घेऊन मी म्हटलं, उतरू नकोस, जळगावला चल. माझ्या ओळखीचे दवाखाने आहेत, आयाचं काम शिकवू, नर्सिंग शिकवू, माझ्या घरी राहा. तिने डोकं हलवलं. शोभा वाट बघत असेल, म्हणाली. मी गेले नाही तर भाऊ चौकशीला सुरतेला जाईल.

तिचं स्टेशन आलं. फलाटावर मगन होता, शोभा होती, आणि दोन लेकरं, त्यातलं धाकटं आईचं बोट सोडून पळत आलं. आत्या, आत्या, करत. रत्नाने खाली उतरून आधी त्याला उचललं, सामान मागे राहिलं. त्याने तिच्या मानेत तोंड घातलं. मी दारात उभी होते, इतकी जवळ की त्याच्या डोक्याला लावलेल्या तेलाचा वास येत होता.

अनुसयाबाईने आधीच गावातल्या दुकानावर फोन करून कळवलं असणार. माझं नाव सांगूनही असेल. पुण्याची मोठी डॉक्टरीण म्हणाली म्हणून. कारण शोभा पुढे आली ती हसतच, "ऊन लागलंय त्याला, द्या इकडे," म्हणाली, आणि मूल रत्नाच्या कडेवरून काढून घेतलं. मग थोडी पाठ वळवून तिने त्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. दृष्ट काढतात तशी.

रत्नाने ते पाहिलं. मगनने बघून न बघितल्यासारखं केलं आणि ट्रंक घ्यायला डब्यात आला. बाकाखालचा हंडा दिसल्यावर थबकला. मग ट्रंकेबरोबर तोही ओढत दारापर्यंत आणला आणि फलाटावर ठेवला. रत्नाचे हात तोवर तसेच होते, मूल धरलेलं असावं तसे वाकलेले.

गाडी हलली तेव्हा तिने पदराची चुंबळ केली. हंडा तिनेच डोक्यावर घेतला, कारण मगनच्या हातात ट्रंक होती आणि शोभाच्या कडेवर मूल.